दियानीची माकडं, विजेच्या तारा आणि माझे दोन महिने (केनिया)

सह्यकडा :

नमस्कार मंडळी,

तेहतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली. लाइनमन म्हणून लागलो, प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. या काळात डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चिकटून मेलेली वानरं किती उतरवली याचा हिशोब नाही. फोन यायचा, "डीपीवर वानर अडकलंय, लाइट गेली." आम्ही जायचो. सप्लाय बंद करायचा, कोरड्या बांबूने वानर खाली ओढायचं, फ्यूज बांधायचा, सप्लाय चालू. रजिस्टरमध्ये नोंद व्हायची ती उडालेल्या फ्यूजची. वानराची कुठेच नाही.

एकदा उतरवलेल्या मादीच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं होतं, आणि ते जिवंत होतं. काय करायचं ते मला कळेना, कुणाला विचारायचं तेही कळेना. गावातल्या एका मुलाने ते टोपलीत घालून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेल्याचं कळलं. याला वीसेक वर्षं झाली, पण डोळ्यांपुढून जात नाही.

धाकटी लेक आणि जावई नैरोबीला असतात. गेल्या वर्षी लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, इथे समुद्रकिनाऱ्यावर एक संस्था आहे. माकडांसाठी रस्त्यावरून पूल बांधते आणि विजेच्या तारांवर आवरण घालून घेते." ऐकलं आणि त्याच क्षणी ठरवलं की इथे जायचं. सगळी कागदपत्रं जमवायला पाच महिने लागले. तिथे दोन महिने राहिलो, त्याबद्दल लिहितोय.

जागेचं नाव दियानी. मोंबासाच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटर. पांढरी वाळू, त्याला लागून हॉटेलं आणि बंगले, आणि त्यांच्या मागून समुद्राला समांतर जाणारा डांबरी रस्ता. हा रस्ता प्रवाळाच्या खडकावर वाढलेल्या जुन्या जंगलातून काढलेला आहे. त्यामुळे माकडांचं झोपायचं झाड एका अंगाला आणि खायचं झाड दुसऱ्या अंगाला, असं झालं. गाड्यांखाली माकडं मरायला लागली, त्यातही कोलोबस जास्त. ते बघवेना म्हणून 1997 मध्ये तिथल्या लोकांनी ही संस्था उभी केली. आज ती 'कोलोबस कॉन्झर्वेशन' या नावाने ओळखली जाते.

दियानीत वानरकुळातल्या सहा जाती आहेत. कोलोबस, साइक्स, वरवेट, पिवळे बबून, आणि रात्री हिंडणारे दोन प्रकारचे बुशबेबी. स्वाहिलीत कोलोबसला म्बेगा म्हणतात, साइक्सला किमा, वरवेटला तुंबिली, बबूनला न्यानी. म्बेगा म्हणजे काळंभोर अंग, खांद्यावरून लोंबणारे लांब पांढरे केस आणि लांबलचक शेपटी. त्याला अंगठा जवळजवळ नसतोच. कोलोबस हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'तोडलेला' या अर्थाच्या शब्दावरून आला तो याचमुळे. पाला हे मुख्य खाणं. पोटात गाईसारखे कप्पे असतात आणि त्यात पाला आंबवून पचवला जातो, म्हणून दिवसाचा बराच वेळ फांदीवर निवांत बसून जातो. पिल्लू जन्मतं तेव्हा पांढरंशुभ्र असतं. काळ्या आईच्या कुशीत ते पांढरं पिल्लू पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हातातली कोयती खाली ठेवून नुसता बघत उभा राहिलो होतो. केनियात कोलोबसची ही जात (अंगोला कोलोबस) मोंबासाच्या दक्षिणेकडच्या जंगलांच्या तुकड्यांतच उरली आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण करंटला निघून जायला दुसरी वाट नसते. माकडाचं तसं नाही. त्याचे हात लांब, शेपटी लांब. एका तारेला धरलं आणि पाय दुसऱ्या तारेला किंवा खांबावरच्या आडव्या लोखंडी पट्टीला (क्रॉस आर्मला) लागला की संपलं. डीपीवर तर सगळंच जवळजवळ असतं. त्यात कोलोबस उडी मारणारं जनावर. फांदीवरून झेप घेतं आणि उतरताना समोर येईल ते चारी हातापायांनी धरतं. दियानीत विजेने मरणाऱ्या माकडांत सगळ्यात जास्त कोलोबसच असतात.

यावर आपल्याला सुचणारा उपाय एकच, तारेजवळच्या फांद्या छाटणे. आम्ही इकडे आयुष्यभर तेच केलं. तिथे गेल्यावर समजलं की नुसती फांदी छाटली की माकडाची वाटच तुटते. मग ते जमिनीवर उतरतं आणि गाडीखाली येतं, नाहीतर तारेवरूनच चालत जातं. म्हणून तिथे तिन्ही कामं जोडीने चालतात. छाटणी करायची, धोक्याच्या जागी तारेवर आवरण घालून घ्यायचं, आणि तुटलेल्या वाटेच्या जागी पूल टांगायचा. पूल म्हणजे शिडी आडवी करून रस्त्यावर बांधावी तसा. बाजूला तारेचे दोर, मध्ये रबरी नळी आणि प्लॅस्टिक पाइपच्या पायऱ्या. साइक्स, वरवेट, कोलोबस तिघेही त्यावरून जातात. सकाळच्या वेळी खालून मटाटू (तिथली प्रवासी मिनीबस) भरधाव जातेय आणि वरून टोळी एकामागे एक शांतपणे चाललीय, हे दृश्य मी रोज बघितलं.

आणि मला सगळ्यात भावलं ते त्यांचं नोंदी ठेवणं. मेलेलं किंवा जखमी प्रत्येक माकड नोंदवलं जातं. कुठला खांब, कुठली तार, किती वाजता, नर की मादी, पोटाशी पिल्लू होतं का. विजेच्या अपघातांच्या अशा नोंदी 1998 पासूनच्या आहेत. त्या नकाशावर मांडल्या तेव्हा दिसलं की अपघात सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत, ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा होतात. म्हणजे पैसे थोडे असले तरी आवरण आधी कुठे घालायचं ते कळतं. आमच्या रजिस्टरमध्ये फ्यूजच्या शेजारी एवढा एक रकाना असता तर!

एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या आठवड्यात सकाळी एका बंगल्याच्या माळ्याचा फोन आला. कोलोबसची मादी खांबाखाली बसली होती. जिवंत होती, डोळे उघडे. डॉक्टरांनी चादर टाकून तिला पेटीत घेतलं. मी पेटी धरून गाडीत मागे बसलो. मला वाटलं थोडक्यात वाचली, कारण उजव्या तळव्यावर रुपयाएवढा पांढुरका डाग सोडला तर काहीच दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थांबा, विजेचं भाजणं वरून दिसत नाही. आत मांस आणि रक्तवाहिन्या जळलेल्या असतात, ते दोन-तीन दिवसांनी वर येतं. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली, मग मनगट. चौथ्या दिवशी तिला इंजेक्शन देऊन शांत केलं.

त्या चार दिवसांत मी तिला एकदाही हात लावला नाही. लावायची परवानगीच नव्हती. माझं काम बाहेर होतं. तो खांब बघायचा, जंपर (दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा) कसा आलाय त्याचं चित्र काढायचं, फांदी आणि तार यांतलं अंतर मोजायचं. अडीच हात भरलं. ते चित्र नोंदीला जोडलं गेलं आणि पुढच्या आठवड्यात त्या जंपरवर आवरण चढलं. खाली उभा राहून बघत होतो. बावीस वर्षं मनावर होतं ते थोडं हलकं झालं.

रोजचा दिवस साधा. सकाळी जनावरांसाठी कोवळा पाला तोडून आणायचा, भाज्या चिरायच्या, पिंजरे झाडायचे. मग छाटणी नाहीतर पुलांची दुरुस्ती. खारट वाऱ्याने तारेचे दोर गंजतात, नळ्या उन्हाने तडकतात, त्या बदलत राहावं लागतं. काही दिवशी जंगलात ओळीने चालत फासक्या शोधायच्या. फासकी लावलेली असते छोट्या हरणांसाठी, पण तिला काय माहीत कुणाचा पाय आलाय. पातळ तारेचा फास पानांत इतका मिसळून जातो की पहिल्या दिवशी मला एकही दिसला नाही आणि बरोबरच्या स्थानिक मुलाने माझ्याच बुटाजवळचा काढून दाखवला.

तिथली मुलं मला भेटली की "शिकामो" म्हणायची. वडीलधाऱ्यांना घालायचा नमस्कार तो. त्याला "मराहाबा" असं उत्तर द्यायचं असतं. जेवणात मला परकं काही वाटलंच नाही. नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, त्याला ते म्बाझी म्हणतात. चपातीला चपाती, गाडीला गारी, विम्याला बिमा. आंबा एम्बे. आणि रस्त्यावर बजाजच्या रिक्षा. नारळ, काजू, आंबा, लाल माती. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून बघावं तसंच.

फार लांबलं. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

मीनल_ठाणे :

काका, एका दमात वाचलं. त्या मादीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला पुढच्या वर्षी असं काही करायचं आहे. वय 46, प्राण्यांचं शिक्षण काही नाही, शाळेत चित्रकला शिकवते. मला घेतील का? लसी, परवाना, खर्च याबद्दल थोडं सविस्तर लिहाल का?

सह्यकडा :

मीनलताई, शिक्षण विचारतात, पण त्याहून जास्त विचारतात की उन्हात तासन्‌तास काम जमेल का. चित्रकला येते तर उत्तमच, शाळांसाठी चित्रफलक करायचं काम तिथे सतत असतं. स्थानिक मुलांसाठी संस्था कार्यक्रम घेते.

लसींचं आधी बघा. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. केनियातून परत येताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. साठीच्या पुढच्यांनी ही लस डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी, मी तसंच केलं. रेबीजची आधीची लस, हिपॅटायटिस, टायफॉइड, धनुर्वात ही घ्या. किनाऱ्यावर मलेरिया आहे, त्याच्या गोळ्या चालू ठेवायच्या. टीबीची तपासणीही करून घ्या. ती तुमच्यासाठी नाही, माकडांसाठी.

केनियात आता व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना (ईटीए) मिळतो, पण तो पर्यटकाचा. स्वयंसेवकाला कामाचा वेगळा परवाना काढावा लागतो. तो संस्थेमार्फत निघतो आणि वेळ खातो. 'पर्यटक म्हणून या, कुणी विचारत नाही' असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका.

खर्च सगळा आपला. विमान, विमा, परवान्याची फी, शिवाय राहण्या-जेवण्यासाठी संस्थेला आठवड्याच्या हिशोबाने पैसे द्यावे लागतात. मलाही आधी वाटलं, काम करायचं वर पैसेही द्यायचे? तिथे गेल्यावर कळलं की त्याच पैशांतून पिंजऱ्यातल्या माकडांचा पाला-औषध आणि स्थानिक कर्मचाऱ्यांचे पगार निघतात. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. नैरोबी ते मोंबासा रेल्वेने गेलो, 2017 मध्ये सुरू झालेली नवी लाइन. पुढे लिकोनीच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून दियानी.

बागायतदार_कुडाळ :

राग मानू नका, पण मनात आहे ते लिहितो. तुम्ही केनियात जाऊन माकडं वाचवलीत, चांगलं केलंत. इथे आमच्या बागेत लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाचे वानर दोन्ही आहेत. कोवळे नारळ खाली पाडतात, काजूचा मोहोर ओरबाडतात, केळीचा कोका ठेवत नाहीत. भाजी लावणं सोडून दिलं आम्ही. वर दोडामार्ग-बांद्याकडे 2016 पासून माकडतापाची धास्ती. मेलेलं माकड दिसलं की घरात चूल पेटत नाही, अशी भीती बसते. शहरातली माणसं येऊन 'वानर म्हणजे मारुतीराया' म्हणतात आणि जातात. वानराला वाचवा म्हणणाऱ्याने एकदा आमच्या जागी येऊन राहावं.

सह्यकडा :

दादा, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. माझं सासर देवगड तालुक्यातलं, मेहुण्याने याच कारणाने केळी काढून टाकली.

दियानीतही हाच झगडा आहे. साइक्स माकडं हॉटेलच्या टेबलावरून पाव पळवतात, वरवेट शेतात शिरतात. लोक गोफणीने मारतात, विष घालतात. पर्यटक हौसेने केळं देतो आणि दुसऱ्या दिवशी तेच माकड स्वयंपाकघरात शिरतं, मग मार खातं. संस्थेचे लोक घरोघरी जाऊन सांगतात की कचऱ्याचं झाकण पक्कं ठेवा, खायला घालू नका, खिडकीला जाळी लावा. माझ्याबरोबरचा स्थानिक मुलगा एकदा म्हणाला, माझ्या आईच्या मक्याचं नुकसान भरून निघणार नसेल तर तिने म्बेगावर प्रेम का करावं? मला त्याचं बोलणं पटलं. नुकसान सोसणाऱ्याला बाजूला ठेवून कुठलंच जनावर वाचणार नाही. त्यात कोलोबस पालाखाऊ आहे, शेतात फारसा येतच नाही, पण इतर माकडांच्या वाटचा मार त्यालाही बसतो.

पशुवैद्य_संगमनेर :

सह्यकडा, विजेच्या भाजण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी बरोबर. गाई-बैलांतही आम्ही तेच बघतो.

हात न लावण्याबद्दल थोडी भर घालतो. लोकांना वाटतं माकडापासून आपल्याला रोग होईल. उलटं जास्त घडतं. आपल्या ओठावर फोड आणणारा हर्पीस विषाणू काही जातींच्या माकडांचा जीव घेतो. गोवर, फ्लू, टीबी हे सगळं आपण त्यांना देऊ शकतो. युगांडातल्या किबाले जंगलात 2013 मध्ये चिंपांझींच्या एका टोळीत श्वसनाचा आजार पसरला, 56 पैकी 5 मेले. तपासात सापडला तो राइनोव्हायरस सी, म्हणजे आपल्याला सर्दी करणाऱ्या विषाणूंपैकी एक.

बागायतदार साहेब, माकडताप गोचिडांमुळे पसरतो. माकडं त्यात आपल्यासारखीच बळी पडतात. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका आणि ताबडतोब कळवा, ही तुमच्याकडची सूचना योग्यच आहे.

वेदांग_पुणे :

मी 21 वर्षांचा आहे. गेल्या डिसेंबरात मित्रांबरोबर आफ्रिकेतल्या एका 'वन्यजीव केंद्रात' दोन आठवडे जाऊन आलो, नाव लिहीत नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, अनाथ पिल्लांना दूध पाजा, त्यांना कुशीत घेऊन झोपवा. मला ते फार चांगलं वाटलं होतं. वरवेटचं एक पिल्लू मला दिलं. पहिल्या रात्री ते शर्टाला घट्ट धरून झोपलं. दोन आठवड्यांनी निघताना ते माझ्या हातातून सुटेना, बोटं एकेक करून सोडवावी लागली. लगेच ते पुढच्या गटातल्या मुलीकडे दिलं. मी विचारलं, याला जंगलात कधी सोडणार? कुणी नीट उत्तर दिलं नाही. आणि अशी किती पिल्लं आहेत, ती येतात कुठून, मोठी झाल्यावर कुठे जातात, हेही नाही. काका, तुमचा धागा वाचून ते सगळं परत आठवलं. मी चूक केली का?

सह्यकडा :

वेदांग बाळा, तुझा हेतू चांगला होता, तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू विचारलेस तेच खरे प्रश्न आहेत, त्यात एक माझा जोडतो. पिल्लं येतात कुठून, मोठी झाल्यावर जातात कुठे, आणि सोडलेल्यांचा माग कोण ठेवतं. ज्या केंद्रावर ही उत्तरं मिळत नाहीत तिथे जाऊ नये.

पिल्लू दर पंधरा दिवसांनी नव्या माणसाच्या हाती देणं म्हणजे दर पंधरा दिवसांनी त्याची आई मारणं. आणि माणसाला सरावलेलं माकड सोडलं तर ते सरळ माणसाच्या घरात जातं. तिथे त्याचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

नीलिमा_डर्बन :

सह्यकडा, इथे मला थोडं वेगळं मांडायचं आहे. 'हात लावूच नये' हा नियम सगळीकडे चालत नाही. मी दक्षिण आफ्रिकेत आठ वर्षं राहतेय. लिम्पोपो प्रांतात फालाबोर्वाजवळ रीटा मिल्यो यांनी 1989 मध्ये बबूनसाठी केंद्र काढलं. त्या काळी इथे बबून म्हणजे उपद्रवी जनावर, दिसला की गोळी घाला, असा कायदाही आणि समजही. त्यांनी अनाथ पिल्लं वाढवली, त्यांच्या टोळ्या बांधल्या आणि जंगलात सोडल्या. तोवर तज्ज्ञ म्हणत, हे होणारच नाही. आता बबूनचं तान्हं पिल्लू आईच्या अंगाला चोवीस तास चिकटलेलं असतं. त्याला स्पर्श मिळाला नाही तर दूध पोटात असूनही ते खंगत जातं. म्हणून तिथे माणसंच सुरुवातीला त्यांच्या आया झाल्या, स्वयंसेवकसुद्धा. फरक इतका की पिल्लाला एकच माणूस, मग बरोबरीची पिल्लं, मग टोळी, आणि माणूस हळूहळू मागे सरायचा. 2012 मध्ये केंद्राला आग लागली, त्यात रीटाबाई गेल्या. त्यांनी सगळ्यात आधी सांभाळलेली बॉबी नावाची बबून मादीही त्याच आगीत गेली.

तेव्हा स्पर्श वाईट नाही. तो कुणासाठी आहे, पिल्लासाठी की पाहुण्याच्या फोटोसाठी, एवढंच मी बघते.

सह्यकडा :

नीलिमाताई, हे मला माहीत नव्हतं आणि तुमचं म्हणणं मान्य आहे. मी मोठ्या, जंगली जनावरांचं काम बघितलं, तान्ह्यांचं नाही. माझं वाक्य सुधारतो : दोन-चार आठवड्यांसाठी आलेल्या माणसाने हात लावू नये. वेदांग, तुला ताईंच्या शेवटच्या ओळीत उत्तर आहे बघ.

फ्रीटाउनकर :

मी सिएरा लिओनमध्ये सहा वर्षं कंपनीच्या कामासाठी होतो. तिथल्या ताकुगामा चिंपांझी अभयारण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते काढणारे बाला अमरसेकरन मूळचे श्रीलंकेचे आणि पेशाने अकाउंटंट. 1988 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एक आजारी पिल्लू विकत घेतलं, कारण सोडून दिलं तर मेलं असतं. त्याचं नाव ब्रूनो. पुढे 1995 मध्ये फ्रीटाउनजवळच्या डोंगरात अभयारण्य उभं राहिलं. मधे यादवी युद्ध झालं, इबोला आला, कर्मचाऱ्यांनी चिंपांझींना सोडलं नाही. 2006 मध्ये ब्रूनोसह 31 चिंपांझी कुंपणातून निसटले. बहुतेक परत आले, ब्रूनो आला नाही. 2019 मध्ये सरकारने चिंपांझीला राष्ट्रीय प्राणी केलं. आणि 2025 मध्ये त्याच अभयारण्याने पर्यटकांसाठी फाटक बंद केलं, कारण भोवतीचं जंगल तोडून घरं चढत वर येत होती. उत्पन्नावर पाणी सोडून केलेला निषेध आहे तो. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी एक खूण. आफ्रिकेतल्या अशा अभयारण्यांनी 2000 मध्ये 'पॅन आफ्रिकन सँक्च्युअरी अलायन्स' नावाचा संघ केला. सदस्यत्व देताना प्राण्यांची काळजी, पैशांचे व्यवहार सगळं तपासतात. निवड करताना आधी ती यादी बघा. आणि अजून एक, विकत घेऊन सुटका करू नका. पैसे मिळतात हे दिसलं की शिकारी दुसरं पिल्लू आणायला जातो, आणि चिंपांझीचं एक पिल्लू आणायला आई तर मरतेच, टोळीतले बाकीचेही मरतात. बालांनी ते केलं तेव्हा दुसरी सोयच नव्हती.

मीनल_ठाणे :

हा धागा जपून ठेवतेय. काका, तिथले लोक या सगळ्याकडे कसं बघतात? म्हणजे बाहेरून आलेल्यांचं काम असं वाटतं का त्यांना?

सह्यकडा :

काहींना वाटतं, खोटं कशाला सांगू. पण जंगल राखायची रीत त्यांच्याकडे आपल्याहून वेगळी नाही. तिथल्या मिजिकेंडा लोकांच्या 'काया' असतात, म्हणजे आपल्या देवरायाच. दियानीच्या दक्षिणेला काया किनोंडो आहे. सुट्टीच्या दिवशी गेलो. आत शिरताना कमरेला काळं फडकं गुंडाळायला देतात. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. वाट दाखवणाऱ्या आजोबांना मी सांगितलं की आमच्या कोकणातही असं रान असतं, देवाच्या नावाने राखलेलं, आणि तिथलं पडलेलं लाकूड घरी नेत नाहीत. ते थांबले, माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. अशा काही काया 2008 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. हॉटेलांच्या पट्ट्यात मोठी झाडं शोधावी लागतात, कायेत वर बघितलं की आभाळ दिसत नाही. माकडं तिथे आहेत ती संस्थेने ठेवली म्हणून नाहीत, त्या लोकांनी शेकडो वर्षं कुऱ्हाड आत नेली नाही म्हणून आहेत.

पशुवैद्य_संगमनेर :

पेंचमध्ये नागपूर-सिवनी महामार्ग उचलून खालून वाघांना वाट ठेवली. झाडावरच्या जनावरांसाठीही तसं व्हायला हवं. दोराचा पूल त्याच्यापुढे कितीसा महाग.

बागायतदार_कुडाळ :

कालपासून तीनदा वाचला हा धागा. सह्यकडा, तुम्ही आमचं नुकसान नाकारलं नाहीत, बरं वाटलं.

एक विचारतो. आमच्या घराच्या वळणावर रस्त्याला लागून डीपी आहे. या पावसाआधी तिथे दोन वानर गेले, एक हुप्प्या आणि एक मादी. प्रत्येक वेळी लाइट दीड-दोन दिवस नव्हती, पंप बंद, कलमं सुकली. म्हणजे ते मेले आणि माझंही नुकसान झालं. वडाची फांदी अलीकडे, आंबा पलीकडे, मधे डीपी. ते रोज संध्याकाळी तिथूनच पलीकडे जातात. तुम्ही सांगितलेला पूल इथे होईल का? बागेत येऊ नयेत यावर मला उपाय हवाच आहे, पण तारेवर जळून मरावेत असं मला वाटत नाही. बायको त्या दिवशी जेवली नाही.

सह्यकडा :

दादा, होईल. पण सांगतो त्या क्रमाने.

डीपीला, खांबाला, त्याच्याजवळच्या फांदीला कुणीही हात लावायचा नाही, काठीसुद्धा नाही. बुशिंगवर (डीपीतून तार बाहेर येते त्या चिनीमातीच्या नळीवर) आणि जंपरवर आवरण घालायचं काम वीज कंपनीचंच. त्यासाठी अर्ज मी लिहून देतो. त्यात दोन्ही अपघातांची तारीख, वेळ आणि लाइट किती तास नव्हती ते टाकू. तारखा आठवत नसतील तर पंपाच्या किंवा बिलाच्या कागदांवरून शोधा. आजूबाजूच्या घरांनाही विचारा, याआधी किती वेळा झालं. जितकं सापडेल तितकं एका वहीत लिहून ठेवा.

पूल डीपीपासून लांब, वळणाच्या अलीकडे बांधावा लागेल. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे त्यांची आणि वनखात्याची परवानगी लागेल. एसटी आणि वाळूचे ट्रक खालून जातील एवढी उंची हवी. वानराला शिडीपेक्षा काय जास्त मानवेल ते बघून ठरवू, त्याची उडी कोलोबसपेक्षा वेगळी असते.

येत्या शनिवारी रात्रीच्या एसटीने निघतो, रविवारी सकाळी कुडाळला उतरेन. टेप आणि दुर्बीण माझ्याकडे आहे. तोवर एक करा. वडाखाली आणि आंब्याखाली झाडू मारू नका. लेंड्या आणि चावून टाकलेला पाला नेमका कुठे पडतो ते बघितलं की ते कुठल्या फांदीवरून झेप घेतात ते कळेल.

बागायतदार_कुडाळ :

या. जेवायला घरीच. झाडू मारणं आजपासून बंद करायला सांगितलं.